अकरावा छर्रा

माझ्या हातांनी घातलेला छर्रा आपोआप नाहीसा होत नाही. एकोणीसशे एकोणसाठ सालच्या पावसाळ्यात हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी मी नुसतं तोंड उघडलं तरी माझी बायको सुलभा ते माझ्याआधी म्हणून मोकळी व्हायची. वर हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आधी मी कोण ते सांगतो. बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, मी चेकर होतो. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं तपासायची, लाल पेन्सिलीने चूक दाखवायची आणि कागद परत पाठवायचा, हे माझं काम. मिरजेहून इथे येऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत माझ्या नजरेतून एक चूक सुटली नव्हती. चूक असतेच, असं धरून मी कागद हातात घ्यायचो. ती शोधायला थोडा वेळ द्यावा लागतो, एवढंच. ऑफिसातली पोरं माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक होतं. पण तोंडावर ‘बिंदुमाधवराव’ म्हणायची, तेवढं पुरे होतं.

आमची अलका, आमची एकुलती एक मुलगी, त्या वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेली. मल्लेश्वरममधल्या आमच्या घरापासून कॉलेज तीन मैल. मी तिला एक जुनी लेडीज सायकल घेऊन दिली तेव्हा सुलभाला वाटलं, काय हा पुढारलेला नवरा! खरं कारण असं, की बसमध्ये मुलीच्या शेजारी कोण उभं राहतं ते मला घरी बसून दिसत नव्हतं. सायकलवर शेजारी कोणी उभं राहू शकत नाही.

सायकल आली म्हणजे तिची निगा आली. लोक वर्षातून एकदा सायकल दुकानात टाकतात, त्याला ‘ओव्हरऑइल’ म्हणतात, आणि आत काय झालं ते न बघता घरी घेऊन येतात. मी तसल्यातला नाही. दर दुसऱ्या रविवारी चहा झाला की मी पडवीत वर्तमानपत्र पसरून सायकल उलटी करायचो. पुढचं चाक काढायचं, आसावरचे नट सोडवायचे, त्यांच्या आतला शंकूसारखा ‘कोन’ फिरवून बाहेर घ्यायचा. चाकाच्या मधोमध जो हब असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पोलादी वाटी असते आणि त्या वाटीत ग्रीसमध्ये बसलेले गोल छर्रे. सगळं चाक तेवढ्या छर्ऱ्यांवर फिरतं, आणि त्या चाकावर माझी मुलगी. ते छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, फडक्याने पुसायचे, उजेडात धरून बघायचे, आणि ताजं ग्रीस भरून चिमट्याने एकेक परत बसवायचा. हे काम मी कोणाला करू देत नसे. सुलभा म्हणायची, इतक्या प्रेमाने कधी मला वेणी आणली नाहीत.

पहिल्याच वेळी मला एक लबाडी सापडली. प्रत्येक वाटीत दहा छर्रे होते, आणि दहा बसवले की एका छर्ऱ्याएवढी जागा रिकामी राहत होती. म्हणजे आधीच्या मालकाने एकेक हरवला असणार आणि कुठल्या तरी दुकानदाराने ते तसंच दडपून दिलं असणार. मी चिकपेठेत जाऊन त्याच मापाचे छर्रे आणले आणि दोन्ही बाजूंना अकरावा बसवला. जरा दाबावा लागला, पण बसला. ओझं दहा जणांनी उचलण्यापेक्षा अकरा जणांनी उचललेलं बरं, यात शंका घेण्यासारखं काय आहे? वाटी कशी भरगच्च दिसायला लागली. मी कोन आवळला आणि निर्धास्त झालो.

तीन आठवड्यांनी (मध्ये एक रविवार पाहुण्यांत गेला) मी तेच चाक उघडलं आणि मोजले. दहा. दुसरी बाजू उघडली. दहा.

मी पुन्हा मोजले. वर्तमानपत्र झटकलं, रॉकेलची बशी गाळून बघितली, पडवीत गुडघ्यांवर रांगलो. सुलभा म्हणाली, “अहो, मोजताना चुकला असाल.” माझी मोजणी चुकते असं मी आयुष्यात मानलेलं नाही. आणि छर्ऱ्यांचं सोडा, ग्रीसही माझं नव्हतं. माझं ग्रीस काळपट हिरवं. हे फिकट पिवळं, लोण्यासारखं. कोणीतरी माझ्या मुलीची सायकल उघडली होती, माझं ग्रीस पुसून आपलं घातलं होतं, आणि दोन छर्रे काढून घेतले होते. दोन छर्रे! चोरायचेच तर माणूस अख्खी सायकल चोरेल.

“अलका, सायकल कुठे टाकली होतीस?”

“कुठे नाही नाना,” ती म्हणाली. म्हणाली ती तुळशीकडे बघून. तिच्या उजव्या कोपराला त्या दिवसांत पट्टी होती, न्हाणीघरात घसरली म्हणून. त्यावरून मी घरमालकाशी भांडून न्हाणीघराची फरशी घासून घेतली होती. ती पट्टी चाचपत ती आत गेली.

मी दोन नवे छर्रे घालून अकरा-अकरा केले. पंधरा दिवसांनी उघडलं. दहा-दहा. पिवळं ग्रीस.

आता मला माणूस शोधायचा होता. मल्लेश्वरमहून शेषाद्रिपुरमकडे रस्ता उतरतो, त्या उताराच्या पायथ्याशी करंजाच्या झाडाखाली यल्लाप्पाचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गोणपाटाचा आडोसा, एक लाकडी पेटी, आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. यल्लाप्पा निपाणीकडचा, पण वीस वर्षं बंगलोरात, त्यामुळे त्याच्या मराठीत कानडी मिसळून गेलेलं. मी गेलो तेव्हा तो एका ट्यूबला तोंडाजवळ धरून हवा ऐकत होता. त्याच्या पेटीवर ग्रीसचा डबा उघडा होता. ग्रीस पिवळं होतं.

“हे ग्रीस तुझंच ना?” मी विचारलं.

“माझंच की वो सायेब. बसा स्वल्प.”

“बसायला आलो नाही. माझ्या मुलीची लेडीज सायकल तू उघडलीस.”

यल्लाप्पाने ट्यूब खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. “त्या गाडीला म्या हात लावलेला न्हाई,” तो म्हणाला. “आईच्यान सांगतो. ह्या हातानं न्हाई.”

“मग कोणी लावला?”

“ते म्या कसं सांगू? ग्रीस काय, म्या इकतो बी. समद्या मल्लेश्वरमची पोरं नेत्यात.”

माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला कळलं. खोटं बोलणारा इतका जपून बोलत नाही. पण तो काहीतरी पोटात ठेवून होता, हेही कळलं. आणि पोरं, तो म्हणाला होता. पोरं नेत्यात.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. आमच्या समोरच्या घरात माडीवरच्या खोलीत श्रीकांत राहायचा. आमच्याच ड्रॉइंग ऑफिसातला ज्युनियर, पुण्याचा, चोवीस वर्षांचा. दर रविवारी वाचायला मासिकं मागायच्या निमित्ताने आमच्याकडे यायचा, सुलभाच्या हातचे पोहे खायचा आणि ‘काकू, अगदी घरची आठवण झाली’ म्हणायचा. या ‘घरची आठवण’वाल्यांची मला आधीपासूनच खात्री नव्हती. त्याची सायकल जिन्याखाली असायची. त्या संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखं करून मी तिकडे गेलो आणि तिच्या पुढच्या चाकाच्या आसावर करंगळी फिरवली. पिवळं!

आता माझं काम सोपं झालं. पुढच्या रविवारी मी अकरा-अकरा छर्रे घालून, कोन आवळून, नटावरून आसापर्यंत लाल शाईची एक बारीक रेघ ओढली. नट जरा जरी कोणी हलवला तरी रेघ तुटणार. सुलभा पडवीच्या दारात उभी राहून बघत होती.

“कशासाठी चाललंय हे?” तिने विचारलं.

“कोण येतंय ते कळण्यासाठी.”

“तिला विचारा ना सरळ.”

“विचारलं. तुळशीकडे बघून उत्तर देते.”

“तुम्ही असे बघता, की मी पण तुळशीकडेच बघीन,” सुलभा म्हणाली आणि आत गेली. तिला काही माहीत आहे की काय, हा संशय मला त्या वेळी पहिल्यांदा आला. नंतर तो झोपेतही सोबतीला असायचा.

रेघ नवव्या दिवशी तुटली. त्याच संध्याकाळी अलकाच्या साडीच्या निऱ्यांवर मला एक डाग दिसला, बोटाच्या ठशाएवढा, पिवळसर काळा. मनगटाच्या आतल्या बाजूलाही तसाच. मी काय समजायचं ते समजलो. ग्रीसने माखलेल्या हाताने कोणीतरी माझ्या मुलीचं मनगट धरलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात श्रीकांतने आणलेल्या ड्रॉइंगवर मी सतरा लाल खुणा केल्या. त्यातल्या पाच खऱ्या होत्या.

त्याने नमस्कार केला तर मी खिडकीबाहेर बघायला लागलो. रविवारी तो आला तेव्हा ‘मासिकं बाइंडिंगला दिलीत’ असं दारातूनच सांगून मी दार लावलं. मासिकं माझ्या मागे टेबलावर पडली होती. त्याला ती दिसली असणार. तो गेल्यावर मी चाक उघडून पुन्हा अकरा-अकरा केले.

इथपर्यंत मला नुसता संशय होता. खात्री झाली ती एका शनिवारी. शनिवारी कारखाना अर्धा दिवस. आमची बस नेहमीच्या थांब्याऐवजी त्या दिवशी खालून वळून आली आणि मी उताराच्या पायथ्यापासून शंभर पावलांवर उतरलो. करंजाच्या झाडाखाली माझ्या मुलीची सायकल उलटी ठेवलेली होती. पुढचं चाक काढलेलं. आणि शेजारी श्रीकांत उभा, आपल्या सायकलला टेकून, गोणपाटाच्या आडोशामागे कोणाशी तरी बोलत होता. हसत होता. आडोशाच्या खालून अलकाच्या निळ्या साडीचा काठ दिसत होता. यल्लाप्पा भलतीकडे तोंड करून घमेल्यात ट्यूब बुडवत बसला होता, काही न बघितल्यासारखा.

मी पुढे गेलो नाही. का गेलो नाही ते सांगतो: मला भीती वाटली. मी पुढे जाईन आणि ती माझ्याकडे बघून त्याच्या बाजूला सरकेल, अशी भीती. चूक सापडल्यावर मला नेहमी बरं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की सापडली नसती तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या रस्त्याने घरी गेलो आणि पायातले बूटही न काढता खुर्चीत बसून राहिलो.

अलका तासाभराने आली.

“कुठे होतीस?”

“लायब्ररीत.”

झालं. तिने माझ्याशी खोटं बोलावं! एकवीस वर्षांत माझ्या समजुतीप्रमाणे हे पहिलंच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पाळीचा. मी नेहमीसारखी सायकल उघडली. दहा-दहा. ठरल्यासारखे अकरा-अकरा केले, जास्तच घट्ट आवळलं, आणि मग मागच्या चाकात साखळी अडकवून कुलूप घातलं. चावी सदऱ्याच्या खिशात टाकली. दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं: अलकाचं कॉलेज आजपासून बंद. सांगलीच्या लोकांनी दोनदा विचारलं होतं, मुलगा तिथल्या साखर कारखान्यात आहे, त्यांना मी होकार कळवतोय. उद्या पत्र टाकणार.

सुलभा ताडकन उठली. “काय केलंय तिने?”

“तिलाच विचार. लायब्ररीत असते ती. करंजाच्या झाडाखालच्या.”

अलका पांढरीफटक पडली. तिची परीक्षा सहा महिन्यांवर होती. पहिल्या दोन वर्षांत ती वर्गात पहिली आलेली, हे मी ऑफिसात चार लोकांना सांगून झालं होतं. आता ती रडेल, पाया पडेल, त्या पोराचं नाव घेईल, अशी मी तयारी ठेवली होती. तिने भलतंच विचारलं.

“नाना, तुम्ही आज पुढचं चाक उघडलंत?”

“उघडलं. का? आत काही ठेवलं होतंस?”

ती आईकडे बघायला लागली आणि आई जमिनीकडे. मी उठून पत्र लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या दिवशी ‘चि. अलका’ लिहिताना निब दोनदा अडकलं.

सोमवारी मी रजा टाकली. पत्र पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. टाकण्याआधी मला एक काम करायचं होतं: यल्लाप्पाला धरून त्याच्या तोंडून श्रीकांतचं नाव वदवून घ्यायचं. पुरावा पक्का केल्याशिवाय मी कुठल्याच कागदावर सही करत नाही. चालत जायला वेळ लागला असता, म्हणून मी अलकाच्या सायकलचं कुलूप काढलं. ती आतून धावत आली.

“नाना, सायकल नेऊ नका.”

“का?”

“नका नेऊ. निदान उतारावर तरी हातात धरून न्या. पुढचं चाक...”

“पुढच्या चाकाचं तू मला शिकवू नकोस!” मी ओरडलो. शेजारच्या घराची खिडकी उघडली. मला उशीर करायचा, तेवढ्यात कोणाला तरी निरोप पोचवायचा, हे मी ओळखलं होतं. मी टांग टाकली आणि निघालो.

सपाट रस्त्यावर सायकल जडच चालत होती. मला वाटलं लेडीज सायकल म्हणून. उतार लागला आणि पुढून आवाज यायला लागला. कट्. मग थोडं थांबून, कट् कट्. मी खाली वाकून बघितलं. आणि मग, उताराच्या पायथ्याशी, चाक थांबलं. सायकल थांबली नाही, मी तर नाहीच नाही. फक्त चाक थांबलं. हँडलवरून मी कसा गेलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी रस्त्यावर उताणा होतो आणि करंजाच्या फांद्यांच्या मध्ये यल्लाप्पाचं तोंड आलं.

“उठू नका, स्वल्प पडून राहा,” तो म्हणाला. मग माझ्या कोपराकडे बघत म्हणाला, “अक्काचा बी ह्योच हात फुटला हुता.”

मला आधी कळलंच नाही. “कोण अक्का?”

“तुमची पोरगी की वो. हितंच पडली, श्रावणात. ह्या दगडावर. रगत किती गेलं म्हणता.”

त्याने मला पेटीवर बसवलं, घमेल्यातलं पाणी फेकून नळाचं भरून आणलं, कोपर धुतलं. मग त्याने सायकल उलटी केली, चाक काढलं आणि आसाला पाना लावला. कोन निघता निघेना. निघाला तेव्हा त्याने माझ्यासमोर तळहात धरला. पिठासारखा पोलादाचा चुरा, आणि त्यात दोन तुकडे झालेला एक छर्रा.

“अकरा घातले तुम्ही,” तो म्हणाला. “दहाचीच वाटी हाय ती.”

“एकाची जागा राहत होती,” मी म्हणालो. “रिकामी.”

“ऱ्हायाच पायजे की! न्हाईतर एकमेकास्नी घासत्यात, एक दुसऱ्यावर चढतंय, आन् मग ह्ये असं. समदे भरून मग एक काढायचा, आमच्यात पहिल्या दिवशी शिकवत्यात. स्वल्प मोकळं ठेवायचं. फिरायला जागा नको का सायेब त्येला?”

मी आयुष्यभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं परत पाठवत आलो होतो. निम्म्यांवर माझ्या लाल अक्षरांत एकच शेरा असायचा: फिरत्या भागाला मोकळीक ठेवलेली नाही, दुरुस्त करा.

“मग तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस?” माझा आवाज चढला, पण त्यात जोर नव्हता. “हात लावला नाही म्हणालास. आईची शपथ घेतलीस.”

“लावलाच न्हाई. पडली त्या दिवशीच अक्का म्हनली, अण्णा, आमचे नाना येणार आन् तुमास्नी विचारणार. तुमाला खोटं बोलाय लागू न्हाई. तवा हात माझेच असू देत, तुमी नुसतं सांगा. मग म्या लांब बसून सांगितलं आन् तिनं केलं. दोन तास लागले पयल्या दिशी. आता अर्ध्या तासात करतीया. तुमी घाला अकरा, तिनं काढायचा एक. दर पंधरा दिसानं. म्या म्हनलं, अक्का, वडलांस्नी सांगून टाक. तर न्हाई म्हनली.”

“आणि तो श्रीकांत? परवा इथे होता तो?”

“कोन, त्ये पुन्याचं? त्येचं पंक्चर हुतं. म्या म्हनलं थांब, आधी अक्काचं हुं दे. हसत हुतं, की पोरगी असून हब उघडतीया आन् मला ट्यूब काढता येत न्हाई म्हणून.”

यल्लाप्पाने दोन्ही वाट्या पुसल्या. धुतलेले छर्रे ठेवायला त्याने कागद मागितला. माझ्या खिशात एकच कागद होता. मी पाकीट फाडलं, सांगलीचं पत्र उलगडलं आणि पेटीवर माझ्या शेजारी पसरलं. त्याने त्यावर छर्रे ओतले. ते ‘आपले कृपाभिलाषी’पर्यंत गडगडत गेले.

पिवळं ग्रीस भरून त्याने चिमटा माझ्या हातात दिला. मी दहा घातले. दुसऱ्या बाजूला दहा. त्याने कोन बोटांनीच फिरवून आवळला, मग किंचित मागे घेतला, चाक बसवलं आणि करंगळीने ढकललं. ते फिरत राहिलं. मी पाणी प्यायलो, फडक्याने सदरा झटकला, पत्राची घडी करून परत खिशात टाकली, यल्लाप्पाचा निरोप घेतला, आणि मी निघालो तरी माझ्या डोळ्यांपुढे ते फिरतच होतं. सायकल मी हातात धरून चढ चढलो.

दारात दोघी उभ्या होत्या. माझं कोपर बघून सुलभा हळद आणायला धावली. ती काहीच विचारत नव्हती, म्हणजे तिला सगळं माहीत होतं. त्या घरात माहीत नसलेला मी एकटा होतो. अलका आत गेली आणि कापराची एक रिकामी डबी घेऊन आली. माझ्यासमोर टेबलावर उपडी केली. आठ छर्रे, पुसून लखलखीत केलेले. सात अख्खे. आठवा दोन तुकड्यांत.

“हा पहिल्या दिवशीचा,” ती म्हणाली.

तो तुकडा मी हातात घेतला. इतका लहान होता, की माझ्या बोटांना धरता येईना. माझ्या प्रेमाने तिला रस्त्यावर आपटलं होतं आणि ती मात्र न्हाणीघराचं नाव सांगत कोपर झाकत फिरत होती. मला शरम वाटली, आणि शरमेत राग मिसळला, आणि तो राग बाहेर आला.

“मला का सांगितलं नाहीस? मी चुकलो असं तोंडावर सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही सायकल बंद केली असती.”

“नसती केली!”

ती माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत राहिली. मी खाली बघितलं. कुलपाची चावी खिशातून अर्धी बाहेर आलेली होती, आणि तिच्यामागे त्या पत्राची घडी.

मी चावी काढून टेबलावर ठेवली. पत्र काढलं आणि उलगडून तिच्यापुढे धरलं. त्यावर ग्रीसचे गोल गोल डाग पडले होते आणि मजकुरातलं निम्मं वाचता येत नव्हतं.

“हे पत्र टाकत नाहीये मी,” मी म्हणालो. “उद्यापासून कॉलेजला जा.”

“उद्या दुसरं लिहाल,” अलका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादं माप सांगावं तसं ती म्हणाली.

मंगळवारी ती कॉलेजला गेली. बुधवारी मी श्रीकांतला जिन्यात गाठून मासिकांचा अख्खा गठ्ठा दिला. बाइंडिंग झालं का, असं त्याने फार गंभीरपणे विचारलं. दुसरं पत्र मी लिहिलं नाही, पण लिहिलं नाही हे मी कोणाला दाखवणार होतो? न लिहिलेल्या पत्राचा पुरावा नसतो.

पुढच्या पाळीच्या रविवारी मी चहा घेऊन पडवीत आलो, तर वर्तमानपत्र आधीच पसरलेलं होतं. अलका पदर खोचून सायकलपुढे बसली होती. चाक निघालेलं, कोन बाहेर, वाटी पुसलेली. मी तिच्या शेजारी बसलो. पाना मागितला नाही. रॉकेलच्या बशीतले छर्रे एकेक पुसून, उजेडात धरून, मी तिच्या ओंजळीत टाकत गेलो. दहा झाल्यावर थांबलो.

“दहा,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली, आणि तिने ते परत मोजले.